बोट नाडीवरून उचला, गोळी मात्र चुकवू नका

पत्र बरंच मोठं होतं, थोडं लहान करून देतेय.

"ताई नमस्कार. तुमचं सदर आमची मिसेस दर आठवड्याला वाचते, तिनेच सांगितलं लिहा म्हणून, पण मी काय लिहिलंय ते तिला दाखवलेलं नाही. मी नाशिकला सिडकोत राहतो, वय 56, अंबडला एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. सहा महिन्यांपूर्वी रात्री अचानक छातीत धडधड सुरू झाली, पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडतो ना तशी, दवाखान्यात नेलं तर ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. सकाळपर्यंत आपोआप थांबलं. इको नॉर्मल, अँजिओग्राफी केली त्यात ब्लॉकेज नाही. तेव्हापासून ते अधूनमधून येतं, बहुतेक वेळा शनिवारी रात्री नाहीतर रविवारी पहाटे, दोन-चार तास राहतं आणि जातं. पण मी मात्र पार खचलोय. दिवसातून पन्नास वेळा नाडी बघतो. मुलाने हार्ट रेट दाखवणारं घड्याळ दिलंय, त्याच्यावरून नजर हटत नाही. डाव्या कुशीवर झोपत नाही कारण उशीत ठोके ऐकू येतात. चार वेळा मध्यरात्री कॅज्युअल्टीला गेलो, त्यात दोनदा ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. वीस वर्षं दर रविवारी पांडवलेणी चढायचो ते बंद केलं. माझे वडील 58 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, झोपेत. मला आता दोनच वर्षं राहिलीत असं सारखं डोक्यात येतं. रक्त पातळ करायची गोळी दिलीय, सकाळ-संध्याकाळ, पण एकदा दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबेना, तेव्हापासून भीतीने ती एक दिवसाआड घेतो, हे कोणालाच सांगितलेलं नाही. शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग होतात, बाकी काही व्यसन नाही. मिसेस म्हणते मी खूप घोरतो आणि मधेच श्वास अडकल्यासारखा करतो. तीही बिचारी झोपत नाही माझ्या काळजीने. असं किती दिवस जगायचं?"

दादा,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. एवढं सगळं एका पत्रात लिहून टाकायला किती दिवस लागले असतील ते मला कळतंय, कारण मलाही हाच आजार आहे, 2016 पासून. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, औषध कमी-जास्त करायचं काम तुमच्या कार्डिओलॉजिस्टचं. पण रात्री दोन वाजता गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडच्या कडेला बसून मनगट धरून ठोके मोजणं म्हणजे काय असतं, ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

आधी गोळीचं बोलू, बाकी सगळं नंतर. कारण तुम्ही पत्रात धडधडीबद्दल भरभरून लिहिलंय आणि गोळी एक दिवसाआड घेतो हे जाता जाता एका ओळीत लिहून टाकलंय. आणि मला तुमच्या अख्ख्या पत्रात खरी भीती वाटली ती त्याच ओळीची.

असं बघा. या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. थरथरले की तिथलं रक्त पुढे ढकललं जायच्या ऐवजी एका कोपऱ्यात रेंगाळतं, डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटीशी पिशवीसारखी जागा असते तिथे मुख्यतः. आपल्या गोदावरीचं कसं होतं बघा, जिथे पाणी वाहतं राहतं तिथे पाणवेली टिकत नाहीत, जिथे पाणी थांबलं तिथे अख्खं पात्र हिरवं होतं. तसंच तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पॅरालिसिसचा झटका. ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन असतं त्यांना हा धोका बाकीच्यांपेक्षा साधारण पाचपट असतो. आणि डॉक्टर गोळी द्यायची की नाही हे ठरवताना मार्क मोजतात, बीपीचा एक, शुगरचा एक, वय 65 च्या पुढे गेलं की आणखी, आधी झटका येऊन गेला असेल तर दोन. तुमचे बीपी आणि शुगर धरून आत्ताच दोन झाले, म्हणून ती गोळी तुम्हाला लिहून दिलीय. रोजच्या रोज घेतली तर ती हा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी करते.

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असते तिचा असर तासांच्या हिशोबात असतो, बारा-चोवीस तासांत तो उतरत जातो, म्हणूनच तर ती दोनदा देतात. एक दिवसाआड घेतली म्हणजे अर्धं संरक्षण मिळालं असं होत नाही, मधला जवळजवळ अख्खा दिवस तुम्ही उघडे पडता. आणि बघा ना, शनिवारी रात्री तुम्हाला फिब्रिलेशन होतं, तो शनिवार जर गोळी न घ्यायचा दिवस असेल तर?

माझ्या मामांची गोष्ट सांगते. मामांना आयुष्यात कधी धडधड जाणवली नाही. देवळालीला राहायचे, रोज चालायचे, ठणठणीत. एक दिवस सकाळी चहाचा कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं, दवाखान्यात ईसीजी काढला तेव्हा कळलं की ठोके अनियमित आहेत, कधीपासून ते देवाला माहीत. पुष्कळ लोकांना हा आजार असाच मुका असतो. म्हणून मी सांगतेय, जे जाणवतं ते तुम्हाला छळतं हे खरं, पण जीवावरचं संकट त्या जाणवण्यात नाहीये. ते गुठळीत आहे, ती काही सांगून येत नाही, आणि तिच्यावर उपाय तुमच्या घरात त्या पाकिटात पडलेला आहे. तुमची भीती चुकीच्या जागी जाऊन बसलीय दादा, तेवढी आपल्याला जागेवर आणायचीय.

तर आजच डॉक्टरांना फोन करा आणि सरळ सांगा की मी एक दिवसाआड घेत होतो. ओरडले तर ओरडू देत. आणि लिहून दिल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ परत सुरू करा, मागचं भरून काढायला एकदम दोन घेऊ नका. दाढीचं म्हणाल तर ब्लेड सोडून ट्रिमर वापरा, कापलंच तर स्वच्छ कापूस घेऊन सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही, थांबतं. दात घासायला मऊ ब्रश घ्या. अंगदुखी-गुडघेदुखीला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणून खाऊ नका, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ते पोटात रक्तस्राव करू शकतात, आणि कोणी सांगितलेला काढा किंवा चूर्ण पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काळी डांबरासारखी शौचाला झाली, लघवीतून रक्त गेलं, डोक्याला जोरात मार लागला, तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना. गोळीच्या खर्चाचं काही असेल तर तेही डॉक्टरांशी बोला, या गोळ्यांच्या जेनेरिक आता निघाल्यात आणि पूर्वीपेक्षा खूप स्वस्त मिळतात. आणि समजा तुम्हाला वॉरफॅरिन किंवा तसली जुनी गोळी असेल तर तिचे नियम वेगळे, तिला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी लागते आणि मेथी-पालक रोज साधारण सारख्याच प्रमाणात ठेवावे लागतात, पण सकाळ-संध्याकाळ म्हणताय म्हणजे बहुतेक नवीन प्रकारातलीच असणार, पाकीट दाखवून खात्री करून घ्या.

आता वडिलांचं. हे मी मुद्दाम दुसऱ्या नंबरला घेतेय कारण मला वाटतं सगळ्याच्या मुळाशी हे आहे.

58 हा आकडा तुमच्या मनात घर करून बसलाय. ज्यांचे आई-वडील अचानक गेलेत अशी बरीच माणसं मी पाहिलीत, त्या वयाच्या जवळ आलं की त्यांचा जीव असाच घाबरा होतो, आजार असो नसो. पण वडिलांना जे झालं ते आणि तुम्हाला जे आहे ते, हे दोन वेगळे आजार आहेत. घराचं उदाहरण घ्या, एक असते पाण्याची पाइपलाइन आणि एक असतं वायरिंग. हार्ट अटॅक म्हणजे पाइप तुंबला, हृदयाच्या स्नायूला रक्तच पोचेना. तुमचा बिघाड वायरिंगचा आहे. तुमची पाइपलाइन तर अँजिओग्राफी करून आत जाऊन बघितलेली आहे, ब्लॉकेज नाही. वडिलांच्या काळात त्यांची अशी तपासणी झाली होती का? बहुतेक नसेलच. म्हणजे त्यांच्याकडे जे नव्हतं ते तुमच्या हातात आहे, रिपोर्ट आहे, बीपी-शुगरची औषधं आहेत, आजार काय आहे ते माहीत आहे. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सांभाळायचंच, घराण्यात अटॅक आहे म्हटल्यावर ते जन्मभर, पण 58 ही काही तुमच्या नावावर लिहिलेली तारीख नाही.

आणि त्या धडधडीत नक्की काय होतं ते समजून घ्या, मला ते समजलं तेव्हा माझी अर्धी भीती गेली. चांगल्या हृदयात उजव्या वरच्या कप्प्यातली एक छोटी जागा मिनिटाला 60 ते 100 वेळा इशारा देते आणि सगळं हृदय त्या तालावर चालतं. फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत एकाच वेळी भलतीकडूनच इशारे सुटायला लागतात, मिनिटाला 350 ते 600. आता हे सगळे खाली पोचले असते तर माणूस जगलाच नसता. पण वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे एक नाका आहे, एव्ही नोड म्हणतात त्याला. संध्याकाळी सहा वाजता द्वारका सर्कलला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, सगळीकडून हॉर्न, सगळ्यांना एकदम जायचंय, पण मधे उभा असलेला पोलीस मोजक्याच गाड्या सोडतो. तो नाका तेच करतो. म्हणून खालचे कप्पे, ज्यांच्यावर शरीराला रक्त पुरवायचं मुख्य काम आहे, ते चालूच राहतात, फक्त ताल चुकलेला आणि वेग जास्त. नाडी कमी करायची गोळी चालू असेल तर ती त्या पोलिसाला आणखी कडक करते. छातीत मासा तडफडल्यासारखं वाटतं ते हे. हृदय बंद पडायला आलंय असं वाटतं, पण ते चालू असल्याचाच तो आवाज असतो.

मनगटावर बोट ठेवून "ठोका चुकला" असं वाटतं ना, त्यातही बहुतेक वेळा ठोका पडलेलाच असतो, पण लवकर पडल्यामुळे कप्प्यात रक्त पुरेसं भरलेलं नसतं आणि त्याची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. पुढचा ठोका मग जास्त रक्त घेऊन धप्पकन बसतो आणि आपल्याला वाटतं काहीतरी भयंकर झालं. म्हणजे हाताने मोजलेला आकडा या आजारात तसाही पूर्ण खरा नसतो, आणि त्या आकड्यावर तुम्ही दिवसातून पन्नास वेळा स्वतःचं भविष्य ठरवताय.

मी दीड वर्षं हेच केलं. भाजी फोडणीला टाकली की एक हात झाऱ्यावर आणि एक बोट गळ्याच्या नाडीवर. कोणाशी बोलताना पण आत मोजणं चालू. झालं काय तर मला धडधडीपेक्षा मोजण्याने जास्त दमायला झालं. नाडी बघितली की एखादा ठोका इकडेतिकडे सापडतोच, शंभर टक्के निरोगी माणसाला पण सापडतो, तो सापडला की पोटात गोळा येतो, गोळा आला की अंगात ॲड्रिनलीन सुटतं, त्याने ठोके आणखी वाढतात आणि आणखी वेडेवाकडे पडतात, मग परत बोट नाडीवर. तुमच्या चार कॅज्युअल्टीपैकी दोन वेळा ईसीजी नॉर्मल आला म्हणताय, त्या दोन रात्री बहुधा फिब्रिलेशन नव्हतं, हे चक्र होतं. पण तुम्हाला झालेला त्रास खोटा नव्हता. ठोके खरंच पळत होते. आणि "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून पेशंटला घरी पाठवणं मला मुळीच पटत नाही, मलाही एका दवाखान्यात तेच सांगितलं होतं, घेऊ नका म्हणजे नक्की काय करू हे कोणी सांगायचं?

मी सांगते काय करा. घड्याळ काढून कपाटात ठेवा. मुलगा विचारेल, त्याला सांगा की त्याचं प्रेम पोचलंय. अशा बऱ्याच घड्याळांच्या माहितीतच लिहिलेलं असतं की अनियमित ठोक्यांची सूचना ही ज्यांना हा आजार असल्याचं आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी नाही. नाडी बघायच्या वेळा दोनच, सकाळी बीपी मोजता तेव्हा आणि रात्री जेवणाआधी, वहीत लिहायची आणि वही बंद. मधे हात मनगटाकडे जाईल, जाणारच, पहिले दोन आठवडे फार जाईल, तेव्हा त्या हाताला काम द्या, किल्ली, पेन, मिसेसची भाजी निवडा, काहीही. इच्छा दहा-पंधरा मिनिटं जोर करते आणि मग ओसरते, हे मी अनुभवाने सांगतेय. डाव्या कुशीचं म्हणाल तर डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं म्हणून ठोके जास्त जाणवतात, त्रास होत असेल तर उजव्या कुशीवर झोपा, त्यात काही हार नाही.

आणि खरंच धडधड सुरू झाली तर? किती वाजले ते बघा. बसा, पाय जमिनीला टेकवा. श्वास घेताना मोजायचा नाही, सोडताना मोजायचा, सावकाश, सहा-सात मोजेपर्यंत सोडायचा. वहिनींना एकच वाक्य सांगा, "सुरू झालंय, मी ठीक आहे". अंधारात एकट्याने सोसत बसू नका, त्यांना उठवायला नको म्हणून तुम्ही गप्प बसता आणि त्या जाग्या राहून तुमचा श्वास ऐकत पडतात, मग दोघांचीही झोप जाते. डॉक्टरांनी अशा वेळी घ्यायला वेगळी गोळी दिली असेल तर ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे, नसेल दिली तर विचारून ठेवा. मग हलकं काहीतरी करत राहा, टीव्ही, रेडिओ, पेपर. तुमचं दोन-चार तासांत जातं हे तुम्हीच लिहिलंय, सहा महिन्यांचा तुमचाच अनुभव आहे तो, त्याच्यावर विश्वास ठेवायला सुरुवात करा.

दवाखान्यात कधी पळायचं हे मात्र ठरलेलं हवं, म्हणजे रोज रात्री नव्याने ठरवावं लागत नाही. छातीत दुखतंय, दम लागून बोलता येत नाही, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी किंवा शुद्ध हरपली, किंवा डॉक्टरांनी सांगून ठेवलेल्या आकड्याच्या वर नाडी तितका वेळ राहिली, तर जायचं. तो आकडा आणि तो वेळ पुढच्या भेटीत विचारून फ्रीजवर चिकटवा. आणि तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, एकदम दिसेनासं होणं किंवा तोल जाणं, यातलं एक जरी झालं तरी 108 ला फोन, वाट बघायची नाही, जरा पडून बघतो म्हणायचं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तिथे गेल्यावर पहिल्यांदा सांगायचं की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, शेवटची किती वाजता घेतली, कारण त्यावरून त्यांचे उपचार ठरतात. गोळीचं नाव लिहून खिशातल्या पाकिटात ठेवा. हे वहिनींना आणि मुलाला तोंडपाठ पाहिजे.

आता तुमच्या पत्रात तुम्हीच दोन धागे दिलेत आणि तुम्हाला ते दिसलेले नाहीत.

पहिला, शनिवार. शनिवारी दोन पेग आणि शनिवारी रात्री नाहीतर रविवारी पहाटे धडधड. दारूने फिब्रिलेशन होतं हे डॉक्टर लोकांना फार आधीपासून माहीत आहे, सुट्टीच्या दिवशी प्यायल्यावर होतं म्हणून इंग्रजीत त्याला हॉलिडे हार्टच म्हणतात. ऑस्ट्रेलियात 140 पेशंटवर अभ्यास झाला होता, 2020 साली छापून आला, ज्यांनी दारू बंद केली त्यांना फिब्रिलेशन परत होण्याचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा बरंच कमी झालं. आपलं नाशिक वाइनचं गाव, कोणी म्हणेल रेड वाइन हृदयाला चांगली, या आजारात तसं धरून चालू नका. तीन महिने पूर्ण बंद करून बघा, मित्रांना सोडू नका, त्यांच्यात बसा, लिंबू सोडा घ्या. आणि शनिवारचं ते उशिराचं तिखट जेवणही जरा आवरा, भरल्या पोटी लगेच आडवं झालं की माझं हमखास सुरू व्हायचं, मिसळ मी अजूनही खाते पण सकाळी.

दुसरा धागा, घोरणं. वहिनी म्हणतात मधेच श्वास अडकतो, हे फार महत्त्वाचं आहे दादा, त्यांनी तुमचं अर्धं निदान करून ठेवलंय. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, झोपेत श्वास थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, शरीर दचकून जागं होतं, असं रात्रभर, आणि त्याने बीपीही वाढतो आणि फिब्रिलेशनही. रात्रीच का होतं याचं एक कारण हे असू शकतं. डॉक्टरांना स्लीप स्टडीबद्दल विचारा, काही ठिकाणी मशीन घरी देऊनही करतात. निघालं तर झोपताना लावायचं सीपॅप मशीन असतं. त्याबरोबर थायरॉइडची तपासणी झालीय का ते बघा, वाढलेल्या थायरॉइडने पण ठोके बिघडतात. आणि वजन जास्त असेल तर ते. 2015 साली ऑस्ट्रेलियातल्याच ॲडलेडमधला एक अभ्यास आला होता, त्यात ज्यांनी दहा टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं आणि टिकवलं त्यांना ठोके ताळ्यावर राहायची शक्यता बाकीच्यांच्या सहापट होती. एवढं औषधानेही सहज होत नाही.

आणखी एक प्रश्न कार्डिओलॉजिस्टना नक्की विचारा, ताल परत आणायचा प्रयत्न आत्ताच करायचा का. कारण तुमचा आजार अजून नवा आहे. 2020 मध्ये युरोपातला एक मोठा अभ्यास आला, 2789 पेशंट होते, निदान होऊन वर्षाच्या आतलेच सगळे, त्यात लवकर ताल सांभाळायचे उपचार केलेल्यांना झटका, हृदयाचे त्रास आणि मृत्यू हे सगळं मिळून कमी झालं. त्यासाठी गोळ्या असतात, आणि अब्लेशन म्हणून एक प्रोसीजर असते, मांडीतून नळी घालून करतात. 1998 साली फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या डॉक्टरांनी शोधून काढलं की हे भलते इशारे बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात, तो भाग वेगळा पाडला की खूप जणांचं थांबतं. सगळ्यांना लागते असं नाही, मला नाही लागली, पण यासाठी ठोक्यांचे खास डॉक्टर असतात, ईपी म्हणतात त्यांना, मुंबई-पुण्याला एकदा दाखवून यायला हरकत नाही. मुंबईला तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी गेलं की संध्याकाळी परत.

पांडवलेणीचं मला फार वाईट वाटलं. वीस वर्षं दर रविवारी, आणि बंद. भीतीने आपण एकेक गोष्ट सोडत जातो, आधी चढ, मग गाडी, मग लग्नकार्य, आणि प्रत्येक गोष्ट सोडली की मनाला वाटतं बघ, सोडली म्हणून वाचलो. हे उलटं फिरवता येतं. 2023 साली स्वीडनमधला अभ्यास आला, याच आजाराचे 127 पेशंट होते, त्यातल्या निम्म्यांना ऑनलाइन शिकवलं की ज्या गोष्टी भीतीने टाळताय त्या थोड्या थोड्या करून परत सुरू करा, ठोके जाणवले तरी पळू नका, आणि त्यांचं जगणं खरंच सुधारलं. डॉक्टरांना विचारा की चढायला परवानगी आहे का, ते हवं तर स्ट्रेस टेस्ट करतील. हो म्हणाले की पहिल्या रविवारी गाडी पायथ्याशी लावायची, वीस पायऱ्या चढायच्या, बसायचं, ठोके वाढलेले जाणवतील, चढल्यावर ते वाढायलाच हवेत, ते तसेच जाणवू द्यायचे, बोट नाडीला लावायचं नाही, आपोआप खाली येतात ते बघायचं आणि उतरायचं. पुढच्या रविवारी चाळीस. बोलत बोलत चढता आलं पाहिजे, दम लागून वाक्य तुटलं की थांबायचं. मधल्या दिवसांत गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सपाट चाला. योगासनं येत असतील तर तीही करा, 2013 मध्ये अमेरिकेत 49 पेशंटवर करून बघितलं होतं, आठवड्यातून दोनदा तीन महिने, त्यांचं फिब्रिलेशन होणंही कमी झालं आणि घाबरणंही.

एवढं करूनही दोन महिन्यांत भीती हलली नाही, झोप लागेना, कामावर लक्ष लागेना तर मनाच्या डॉक्टरांकडे जा, हे मी अगदी मनापासून सांगतेय. मी गेले होते. सात-आठ वेळा गेले, गोळीही घेतली काही महिने, माझ्या कार्डिओलॉजिस्टना विचारून. आणि तोवर रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, 14416, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुरुष माणसं छातीत धडधडतंय म्हणून रात्री तीनला दवाखान्यात जातात पण मला भीती वाटते हे वाक्य कोणापुढे बोलत नाहीत. तुम्ही ते मला लिहिलंत, म्हणजे अवघड काम झालेलं आहे.

आता शेवटचं. हे सदर गुरुवारी येतं, आणि वहिनी ते दर आठवड्याला वाचतात असं तुम्हीच लिहिलंय. सिडको, अंबड, पांडवलेणी वाचून त्यांना पहिल्या दोन ओळींतच कळणार की पत्र कोणाचं. म्हणून हे उत्तर मी तुम्हाला मंगळवारीच पाठवतेय. मधे दोन रात्री आहेत. एक दिवसाआडच्या गोळीचं त्यांना इथे वाचून कळायच्या आधी तुमच्या तोंडून कळू दे, आज जेवण झालं की संध्याकाळची गोळी त्यांच्यासमोर घ्या आणि सांगून टाका.